डावीकडचं स्टिअरिंग

मामींचा फोन आला तेव्हा मी बारामतीत, ऑफिसच्या जिन्यावर होते. "मामा गेलं गं तुझं," एवढंच त्या म्हणाल्या, मग फोन दुसऱ्या कुणीतरी घेतला. त्याला आता पाच आठवडे झाले. त्या दिवशी मामांच्या गावी, अंथुर्ण्यात पोचले तर घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन मामांच्या गाडीशेजारी उभी राहिले...

मामा साखर कारखान्यात फिटर होते. गाव त्यांना तात्या म्हणायचं. तरुणपणी मुंबईच्या एका भंगारवाल्याकडून त्यांनी ही गाडी आणली, कुठल्याशा वकिलातीतली, अमेरिकन. पेट्रोल अचानक महागलं तेव्हा तिकडच्या कंपन्यांनी लहान, कमी पिणाऱ्या गाड्यांना शर्यतीच्या गाडीचं रूप दिलं, ही त्यांतलीच. दोन दारं, लांब बॉनेट, अंगावर पट्टे आणि आत साधंसं चार सिलिंडरचं इंजिन. चहाच्या टपरीवर कुणी ना कुणी म्हणायचंच, "तात्या, थोबाड चित्त्याचं अन् पळणं शेळीचं!" मामा कपातून डोकं न काढता उत्तर द्यायचे, "शेळी दूध तरी देती. तुझा चित्ता काय देतो?"

तिचं स्टिअरिंग डावीकडे. पुढे उसाची ट्रॉली आली की समोरून काय येतंय ते मामांना दिसायचं नाही, उजवीकडे बसलेल्या मला दिसायचं. मी "जावा" म्हटलं की ते जायचे, "थांबा" म्हटलं की थांबायचे. स्वतः मान काढून कधी बघायचे नाहीत. एरवी चार माणसांत माझा आवाज फुटत नाही, पण त्या सीटवर मोठ्यानेच बोलावं लागायचं.

मी कॉलेजात असताना एकदा ते म्हणाले, "तू इंग्रजी शाळंतली. अमेरिकंत हिला काय म्हणत्यात ते वाचून सांग की." मी फोनवर शोधलं. निम्मे लोक तिला त्या काळातली सगळ्यांत लाजिरवाणी गाडी म्हणत होते. निम्मे म्हणत होते, दिवस वाईट होते, बेताच्या पगारातल्या माणसाला ऐटीत फिरण्याची हौस हिनेच भागवू दिली. मामा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी दुसरं निम्मं तेवढं सांगितलं... ते त्यांनी टपरीपासून कारखान्याच्या गेटपर्यंत सगळ्यांना सांगितलं.

पुढे बारामतीत जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. मामांनी गाडी आदल्या दिवशी दोनदा धुतली. तिथे पुण्याचे एक गृहस्थ गाडीभोवती फिरून हसले. "ही होय! तिकडं हिची फार चेष्टा होते. इंजिन कमी, मिजास जास्त."

"आमची भाची म्हणती, नावाजलेली हाय," मामा म्हणाले.

"तिनं अर्धंच वाचलं असेल," ते म्हणाले. आजूबाजूचे लोकही हसले. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघत राहिले.

परतताना पिंपळीजवळ पुढे ट्रॉली लागली. समोरचा रस्ता मोकळा होता. मी म्हणाले, "जावा." मामा गेले नाहीत. थोड्या वेळाने मी पुन्हा म्हणाले. त्यांनी मान वाकवून, माझ्यावरून पलीकडे पाहिलं, आणि तरीही ट्रॉलीच्या मागेच राहिले. ती कारखान्याकडे वळेपर्यंत आम्ही उसाचं पाचट अंगावर घेत मागे मागे गेलो. मामा रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी मी सगळं छापून नेलं आणि ओट्यावर बसून शब्दन् शब्द मराठीत सांगितला, शिव्यांसकट. ते पायाचा अंगठा हलवत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "कुणाची पाण्याची मोटार खोलली अन् बेअरिंग गेलेलं दिसलं, तर मी मालकाला वायंडिंग चांगलं हाय एवढंच सांगू व्हय?" त्यानंतर किती तरी रविवार ते रस्ता स्वतःच मान काढून बघत होते.

गेल्या दिवाळीनंतर त्यांचं अंग उतरायला लागलं. पुण्याला तपासण्या झाल्या. मामेभाऊ सगळ्यांना सांगत होता, काही विशेष नाही, अशक्तपणा आहे. एका दुपारी मामांनी मला शेडमध्ये बोलावलं. ते स्टिअरिंगला बसले, मला उजवीकडे बसवलं आणि शर्टाच्या आतून डॉक्टरांचे घडी घातलेले कागद काढून माझ्या हातात दिले. "पोरं गोड बोलत्यात," ते म्हणाले. "तू वाच. समदं."

मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. मध्ये एका ठिकाणी थांबले. ते समोरच्या काचेकडे बघत होते. म्हणाले, "पुढं?" मी पुढचंही वाचलं, मोठ्याने, शेवटच्या ओळीपर्यंत.