थाप

"मी आयुष्यात एकदाही थाप मारलेली नाही," असं आमचा समोरचा शेजारी छातीवर हात ठेवून सांगायचा. म्हणजे तो इंग्रजीत 'टॅप' म्हणायचा, मराठी माझं. तो ब्राझीलचा, पिंजऱ्यातल्या मारामारीतला एकेकाळचा हेवीवेट जगज्जेता. त्या खेळात मान आवळली गेली की समोरच्याच्या अंगावर दोन थापा मारायच्या: मानली हार, सोड बाबा. तसा तो हरला बराच. जगज्जेतेपदाचा पट्टा गेला, परत आला, पुन्हा गेला. जबडा मोडला, शुद्ध हरपली. पण थाप नाही.

आमच्यात थाप मारणं म्हणजे खोटं बोलणं, हे मी सांगितलं तेव्हा म्हणाला, "मग तसल्या नका मोजू, काका."

इथे परदेशात, फ्रिस्कोतल्या आमच्या गल्लीत सगळी मराठी मुलं मला काका म्हणतात, म्हणून तोही. "ब्राझीलमध्ये बाळाला शी झाली की हाच शब्द वापरतात," हे त्यानं पहिल्याच भेटीत सांगितलं, आणि तोच चालू ठेवला.

दिवाळीत फराळाला आला तेव्हा त्यानं हिला मिठी मारली. हिनं आपल्या पद्धतीनं त्याची पाठ थोपटली. तो झटकन सोडून मागे सरला, दोन्ही हात वर. "सॉरी, काकू! लागलं?"

"कुठे काय लागलं? बस, चकली खा."

पुढे तो रस्ते चुकायला लागला. एकदा स्वतःच्या जिमला निघाला आणि मला फोन केला. "काका, मी कुठे आहे?"

"समोर पाटी काय दिसते?"

"दिसते. वाचतोय. पण म्हणजे कुठे, ते कळत नाही."

"तिथेच थांब," मी म्हणालो आणि गाडीची किल्ली उचलली.

डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय सांगितला. सोबत मी गेलो. हॉस्पिटलचा झगा त्याला खांद्यावर पुरत नव्हता. तो हळूच म्हणाला, "मुलीचं नाव डोक्यातून जाईल का, काका?" मुलगी तिकडे ब्राझीलला.

"काही जात नाही," मी म्हणालो. मी जन्मभर पूल बांधले. मेंदूतलं मला ओ की ठो कळत नाही.

मशीनजवळ मला खुर्ची दिली होती, कानांत बोळे. तुम्हीही पाहिलं असेल, आत गेलेल्या माणसाचे फक्त पाय उरतात. तो धडधडाट सुरू झाला. थोड्या वेळानं त्याचा पंजा स्वतःच्याच मांडीवर आपटला. दोनदा. पुन्हा दोनदा.

"सर, प्लीज हलू नका," काचेमागची टेक्निशियन स्पीकरवर म्हणाली.

मी उठून हात हलवले. "बाहेर काढा! तो हार मानतोय!"

"कोणापुढे?" तिनं विचारलं, पण काढलं.

तो घामानं निथळत उठून बसला. मग म्हणाला, "आता खरं सांगा. नाव जाईल?"

"मला माहीत नाही रे," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि स्वतःहून परत आडवा झाला. या खेपेला मी त्याचा पाय धरून बसलो. कोणाला धीर द्यायला, ते विचारू नका.

रिपोर्ट भीती होती तसाच आला. त्याची मुलगी ब्राझीलहून येऊन त्याला तिकडे घरी घेऊन गेली. निघताना त्यानं तिला नावानं हाक मारली, पहिल्याच खेपेला बरोबर.

जिमच्या जागी आता भरतनाट्यमचा क्लास आहे. त्यांनी आधी तिथल्या जाड गाद्या काढून टाकल्या. गादीवर पायाची थाप वाजत नाही.