सावळीराम पगारेचा हात लागला

सावळीराम पगारे सातवीत शाळेतून निघाला आणि पुढचं शिक्षण त्यानं लोकांनी टाकून दिलेल्या रेडिओंकडून घेतलं. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण मशीनच्या पाठीमागे कुठल्या भोकात काय जातं हे तो न बघता, नुसत्या बोटांनी सांगायचा. पंचाऐंशी साली नाशकात घरोघर व्हिडिओचं वेड शिरलं, तेव्हा वाल्मीकशेठच्या दुकानाचं त्याच्यावाचून पान हलेना. मशीन काय, कोणीही विकेल. व्हीसीआरची चपटी वायर टीव्हीच्या मागे आवळून, पडद्यावरच्या मुंग्या हटेपर्यंत चॅनेल लावणारा माणूस दुकानात एकच होता. लोक त्याला ‘मेकॅनिकसाहेब’ म्हणायचे. राजवाड्यातल्या, म्हणजे बौद्ध वस्तीतल्या पोराला कुणी दिवाणखान्यात साहेब म्हणावं, ही कमाई त्याला पगाराहून मोठी वाटायची.

पंचवटीत खंडेराव नावाचे कांद्याचे बडे व्यापारी राहायचे. लासलगावच्या बाजारावर घर उभं राहिलेलं. लेकीच्या लग्नाचा व्हिडिओ काढला होता, त्याची एकुलती एक कॅसेट. रविवारी व्याही मंडळी ती बघायला येणार, म्हणून वाल्मीकशेठकडून नवं मशीन घेतलं. शुक्रवारी दुकानातल्या कोंडाजीनं ते डोक्यावरून पोचवलं. रविवारी दुपारी सावळीराम जोडायला गेला.

तासाभरात त्यानं चित्र लावलं, आवाजाची वेगळी तार ओढून घरच्या टेप डेकला दिली, मोठे स्पीकर दणदणीत वाजवून दाखवले. खंडेरावांच्या आई कुसाबाई कौतुकानं बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, गाव कुठलं, आडनाव काय, राहतोस कुठं. जात विचारायची ही सभ्य रीत सावळीराम ओळखून होता. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. पगारे, राजवाडा, असं त्यानं सरळ सांगितलं. कुसाबाईंची नजर देव्हाऱ्याकडे गेली. मंडळी यायला वेळ होता. कॅसेट काढून, मशीनचं वरचं झाकण तसंच उघडं ठेवून तो गच्चीवर अँटेना बघायला गेला.

पाहुणे जमले. सावळीराम खाली आला, कॅसेट घातली, झाकण दाबलं. नवरदेव घोड्यावरून उतरला आणि पडदा फाटल्यासारखा झाला. आत टेप चिकटली, करकरली, तुटली. त्यानं चार स्क्रू काढून मशीन उघडलं. टेप जिथून फिरते त्या चकचकीत डब्यावर पाण्याचे थेंब होते. शेजारी तुळशीचं पान.

पाणी कुणी घातलं, असं त्यानं विचारलं.

“घातलं कुठं? पानानं चार थेंब शिंपडले,” कुसाबाई म्हणाल्या. “करावं लागतं बाबा. समोर देव्हारा हाय.”

“शुक्रवारी कोंडाजीनं आणलं तेव्हा नाही शिंपडलं, आजी?”

व्याह्यांनी खंडेरावांकडे बघितलं. खंडेरावांनी आईकडे बघितलं आणि मग सोपं होतं ते केलं. आवाज चढवून म्हणाले, “मशीन उघडं टाकून फिरायला गेलास तू. काम येत नसेल तर लोकांच्या घरात शिरावं कशाला?”

पान सगळ्यांनी पाहिलं होतं. एकाचीही जीभ उचलली नाही. खोटं बोलायला एक तोंड लागतं आणि ते टिकवायला चार शहाणी गप्प तोंडं.

दुसऱ्या दिवशी वाल्मीकशेठनं सगळं ऐकून घेतलं. तुझं खरं आहे, हेही म्हणाला. मग म्हणाला, चल, माफी मागून टाक, मोठं गिऱ्हाईक आहे. सावळीराम म्हणाला, “चूक असती तर पाय धरले असते, शेठ. चूक नाही, तर मान पण वाकवणार नाही.”

शेठनं त्याला काढलं नाही. काढलं असतं तर दुकान बसलं असतं. त्यानं मधला रस्ता काढला, आणि मधला रस्ता नेहमी आपल्याच माणसाच्या अंगावरून जातो. पगार तोच, पण बसायचं मागच्या खोलीत. गिऱ्हाइकाच्या घरी यापुढे कोंडाजी जाईल. दोन पोरी शाळेत होत्या, सावळीराम बसला.

पहिलं मशीन टेबलावर आलं ते खंडेरावांचंच. त्यानं आतला कण न् कण पुसला, तुटली टेप जोडली, चालवून पाहिली. कोंडाजी ते घेऊन पंचवटीला गेला. मुंबईहून दुरुस्त होऊन आलंय, असं सांग म्हणून शेठनं बजावलं होतं. तासाभरानं तिथून दुकानात फोन आला. चित्र दिसतंय, आवाज येत नाय, डेकची तार कुठं घालू, कोंडाजी दबक्या आवाजात विचारत होता.

सावळीरामच्या मनात आलं, सांगावं काहीतरी उलटंसुलटं, पुन्हा होऊ दे चारचौघांत शोभा. पण जोडणी चुकीची सांगायला त्याची जीभ वळेना. त्यानं भोक सांगितलं, बटण सांगितलं. पलीकडे सनई मोठ्यानं वाजू लागली. कुणीतरी म्हणालं, वा मेकॅनिकसाहेब. त्यावर कोंडाजी काहीतरी बोलून हसला आणि त्यानं तिकडून फोन ठेवला.