भावासाठी दिलेला शब्द

भावाला पुरून घरी आले, त्या दिवशीही माझ्या मनात दुःखाच्या शेजारी भीती बसली होती. आता आसगावचे शेठ दारात येणार.

माझ्या या धाकट्या भावाला नाटकाचं भारी वेड. धान निघालं की आमच्याकडे गावोगाव नाटकं होतात. त्यानंही आसगावात पटाच्या, बैलांच्या शर्यतीच्या, दिवशी एक ठेवलं. कंपनीला द्यायला तिथल्या धानाच्या व्यापाऱ्याकडून पैसे घेतले. आणि मी, पवनीत कपडे शिवून पोट भरणारी विधवा, मोठ्या तोऱ्यात शेठना म्हणाले, "त्यानं नाही देल्ले त मी देईन जी." देणार कुठून? नवऱ्यामागे उरलेली धानाची एक बांदी, शेताचा बांध घातलेला तुकडा, तेवढंच माझं.

ऐन खेळात अवकाळी पाऊस आला, शामियाना बसला, तिकिटांचे पैसे परत करावे लागले. भाऊ न सांगता तेलंगणात बांधकामावर निघून गेला. आपलेच दात, आपलेच ओठ, सांगणार कोणाला? मी देवाजवळ कुरकुरत राहिले. उन्हाळ्यात त्याचं प्रेतच आलं. कामावर उंचावरून पडला होता.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये पाळकांनी पवित्र शास्त्रातला नेमका जामिनाचा भाग वाचला. दुसऱ्याला जामीन राहून आपल्याच शब्दांत सापडला असशील तर स्वस्थ बसू नको. जा, नमून विनवणी कर, सुटका करून घे. मला वाटलं, देवसुद्धा जखमेवर मीठ चोळतोय. तरी सकाळी आसगावची बस धरली.

शेठ माळकरी माणूस. मी हात जोडले. "बांदी तेवढी राहू द्या जी."

"बांदी कोणं मांगतली, बाई?" ते म्हणाले. "नाटक बुडालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुमचा भाऊ आला होता. माह्या पायावर डोकं ठेवून रडला. म्हणे, बहिणीनं मायेपोटी शब्द देल्ला, तो तिले वापस करा, मले धरा. मी तवाच सोडलं तुमाले. मजुरीतून पाठवत होता बिचारा. उरलं ते आता कोणाले मांगू? सोडलं जी."

मी तिथंच पायरीवर बसले. शास्त्रानं मला सांगितलेलं काम भाऊ माझ्यासाठी आधीच करून गेला होता, आणि मी त्याला पळपुटा म्हणत होते. प्रभू आपल्यासाठी जामीन झाला, हे लहानपणापासून ऐकत आले; ते कोणाच्या तरी जिवावर बेततं, हे तेव्हा उमगलं.

आता मी कोणाला जामीन राहत नाही. जमेल तेवढं देते, बाकीचं प्रभूवर सोपवते. प्रार्थनेत आधी शेठचं नाव घेते, मग भावाचं. त्याच्या नावाशी आले की पुढे शब्द फुटत नाहीत. ते प्रभूनं समजून घ्यावेत.