पंगतीतले अणू

रांगेत लावलेलं काहीही दिसलं की माझ्या आतेभावाला आवरणं ब्रह्मदेवाच्या बापालाही जमलं नसतं. मग ते सुकायला टांगलेले बोंबील असोत नाहीतर धामणकर नाक्यावरच्या शेअर रिक्षा. आमच्या आगरी गोतावळ्यातली पोरं जमिनी विकून गोदामं बांधत होती तेव्हा हा माणूस मुंबईला पदार्थविज्ञानात संशोधन करत होता. विषय असा, की अणूंची एकच सरळ ओळ घ्यायची आणि तिच्यातून इलेक्ट्रॉन कसा धावतो ते बघायचं. आत्या शेजारणींना सांगायची, "यो विजेचा काम शिकतंय," आणि मग लोक त्याला बिघडलेले मिक्सर आणून देत. मिक्सर काही तो नीट करायचा नाही, पण अणू जागच्या जागी कसे थरथरतात हे अर्धा तास समजावून सांगायचा.

त्याच्यासोबत चारचौघांत जायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत एकदा त्यानं नाक्यावर रिक्षावाल्यांनाच गाठलं. "इलेक्ट्रॉन चलता है तो अणू उसकी तरफ झुकते हैं. एक सीधी लाइन हो तो सब दो-दो की जोडी बनाके बैठ जाते हैं, बीच में फट पडती है और बिजली बंद!" एक म्हातारे चाचा शांतपणे म्हणाले, "साहब, बिजली तो हमारे यहाँ वैसे भी बंद है." सगळे हसले, आणि सगळ्यांत मोठ्यानं तोच. मी पलीकडच्या टपरीकडे तोंड फिरवून उभा राहिलो.

पण खरी शोभा झाली ती वळ गावात, त्याच्या स्वतःच्या साखरपुड्यात. चाळिशीला टेकल्यावर त्याचं एकदाचं जमलं होतं. मुलगी शाळेत विज्ञान शिकवायची. त्याचं बोलणं ती मनापासून ऐकायची, वर प्रश्नही विचारायची. आत्यानं पाण्यात घातलेले देव बाहेर काढले. जेवायला मांडवात एकच लांबलचक पंगत बसली आणि ह्याला राहवेना. "जरा सरका, दोघं-दोघं जवळ बसा, मधी जागा सोडा," म्हणत नवरदेव स्वतः माणसं हलवायला लागला, आणि भाताची परात घेतलेल्या वाढप्याला त्यानं इलेक्ट्रॉन करून टाकलं. मुलीकडच्यांना वाटलं, मुलाकडची काही रीत असेल. ते बिचारे मुकाट सरकले. सरकता सरकता मुलीचा मामा आणि काका मांडीला मांडी लावून बसले. बांधाच्या भांडणावरून त्या दोघांचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं, म्हणूनच मुलीच्या बापानं त्यांना पंगतीच्या दोन टोकांना बसवलं होतं. मामा भरल्या पानावरून उठला. मग काका उठला, आणि मग दोघांची माणसं.

"जावय," मुलीचा बाप म्हणाला, "ही मानसां हाईत, तुमचं अणू न्हाईत."

आत्या हात जोडत सगळ्यांच्या मागे फिरली. पण मामाशिवाय आमच्यात लग्न लागत नाही, आणि मामा काही ऐकेना. सोयरीक मोडली. त्या दुपारी आतेभाऊ रिकाम्या पंगतीत कितीतरी वेळ मान खाली घालून बसला होता. शरमेनं त्याचे कान लाल झालेले मी पहिल्यांदाच पाहिले.

त्यानंतर तो प्रत्येक लग्नाला आला, सांगितलं तिथे बसला, जेवून उठला. आता त्याच्यासोबत कुठेही जायला काहीच हरकत नसते, आणि जाऊन काही मजाही येत नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या हळदीला मी मुद्दाम त्याच्याशेजारी पान मांडलं. म्हटलं, "दादा, त्या इलेक्ट्रॉनचा पुढं काय झाला?"

त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "कं न्हाय रं. तू जेव. लोकां बगतान."