बचत खात्यातले रुसवे

आमच्या शाखेत रोज संध्याकाळी रोकड जुळवावी लागते. किस्से मात्र जुळवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. मी गारखेड्यातल्या एका बँकेत कॅशिअर. शेजारच्या टेबलावर देशपांडे मॅडम. ठेवी त्यांच्याकडं. येईल त्याला बचतीचा सल्ला दिल्याशिवाय त्या सोडत नाहीत.

*

एकदा मॅडमनी स्टाफमधल्या सगळ्यांना वह्या वाटल्या. रोजचा खर्च लिहायचा! आमच्या मॅनेजरसाहेबांनी महिनाभर इमानदारीत लिहिला. मॅडम वही चाळून म्हणाल्या, “साहेब, रोज दोनशे रुपये किरकोळ? किरकोळ म्हणजे काय?”

साहेब म्हणाले, “मॅडम, ते आठवलं असतं तर किरकोळ कशाला लिहिलं असतं?”

पुढच्या महिन्यात वहीतून ‘किरकोळ’ गेलं. त्या जागी ‘इतर’ आलं!

*

वाळूजच्या कंपनीतला संदीप बाइकसाठी कर्ज मागायला आला. मॅडम म्हणाल्या, “हप्ता भरणारच आहेस ना? मग तेवढीच रक्कम आधी वर्षभर आरडीत टाक. डाऊन पेमेंट तरी जमेल.”

पठ्ठ्यानं एकही महिना चुकवला नाही. वर्षानं मॅडमनीच त्याला बोलावलं. “काढू का पैसे? घे आता बाइक!”

“नको मॅडम. गाडी लई महाग आहे हो.”

“अरे, वर्षापूर्वी पण तेवढीच होती की!”

“व्हय, पण तेव्हा पैसे बँकेचे होते!”

*

एक रिटायर्ड मास्तर आहेत. पेन्शन जमा झाली की तिचे चार भाग करतात. चार खाती, चार पासबुकं. कव्हरवर स्केचपेननं ठळक नावं: किराणा, औषधं, लाइट बिल आणि रुसवा.

मॅडमना राहवेना. “मास्तर, हे रुसवा काय?”

“आमची ही रुसली की फर्दापूरला बहिणीकडं जाते. तिचं एसटीचं भाडं, बहिणीला साडी, मग आणायला माझं भाडं. तरतूद नको?”

“पण आता बायकांना अर्धं तिकीट आहे. खर्च कमी झाला असेल!”

“कसला कमी! अर्धं तिकीट झाल्यापासून रुसवे डबल झालेत!”

*

कन्नडच्या कौसाबाई मुलाकडं राहायला आल्या, तेव्हा खातंही इकडं आणलं. एकदा माझ्याच खिडकीसमोर रांगेत उभ्या असताना त्यांचा मोबाइल वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला. पलीकडून कुणीतरी सांगत होता, बँकेतून बोलतोय, खातं बंद होणार आहे, मोबाइलवर आलेला नंबर सांगा. मी खिडकीतून नको-नको म्हणून हात हलवायला लागलो.

बाईंनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. फोनवर म्हणाल्या, “बँकेतून बोलतो व्हय? मी बी बँकेतच हाय. हात वर कर, मंजी दिसशील!”

*

एक रिक्षावाले भाऊ दर सोमवारी पैसे भरायला यायचे. त्यांची बायको पोळीभाजीचे डबे करते, ती दर गुरुवारी यायची. खाती वेगळी. दोघांनीही मला वेगवेगळं बजावलेलं, “साहेब, घरी कळू देऊ नका. कळलं की पैसे खर्च झालेच समजा.” तीन वर्षं मी दोघांचंही गुपित सांभाळलं. खिडकीत काही वाटायचं नाही, पण रस्त्यात ती दोघं रिक्षातून जाताना दिसली की मी तोंड फिरवायचो.

मग त्यांच्या पोरीचा नर्सिंगला नंबर लागला. फी भरायची मुदत चार दिवसांची. मंगळवारी सकाळी वहिनी पैसे काढायची स्लिप घेऊन खिडकीशी आल्या. मागं बघतात तर दोन माणसं सोडून भाऊ उभे! त्यांच्याही हातात स्लिप.

“तुम्ही इथं कसे?”

भाऊ चाचरले. “ते... पोरीच्या फीचं... म्हणलं तुला टेन्शन नको.”

“किती हायेत?”

“फी निघंल. हॉस्टेलचं बी निघंल.”

वहिनींनी पदरानं डोळे टिपले. मग त्यांनी भाऊंना हाताला धरून पुढं आणलं आणि स्वतःची स्लिप घडी घालून पर्समध्ये टाकली.

“साहेब, ह्यांचेच काढा,” त्या म्हणाल्या. “माझे अजून घरी कळले नाहीत!”