क्षारांचे आईबाप ओळखणारे सर

सोनटक्के सरांची आणि माझी ओळख एका चिनी मातीच्या बशीपाशी झाली. तेलगावच्या शाळेत मी नववीत होतो. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आणि एक स्टोव्ह. सरांनी बशीत हायड्रोक्लोरिक आम्ल घेतले, त्यात कॉस्टिक सोड्याचे द्रावण थेंबाथेंबाने सोडले आणि पाणी आटवले. तळाशी पांढरे खडे राहिले. "यातलं एक कातडी जाळतं, दुसरंही जाळतं. दोघं भेटले, त्यांचं मीठ झालं," सर म्हणाले.

मागच्या बाकावरून कुणी विचारले, "सर, चाखू का?"

"इथलं काही चाखायचं नाही. प्रसाद म्हणून दिलं तरी नाही."

दोन जाळणाऱ्यांचे मीठ होते, या नवलाने त्या संध्याकाळी मी देवापुढे रोजच्यापेक्षा जास्त वेळ उभा राहिलो.

सरांनी आम्हाला वहीच्या कागदाला हळद चोळायला लावली. हा कागद मिठाच्या पाण्यात पिवळाच राहिला, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात लाल झाला. दोन्ही क्षारच, म्हणजे आम्ल आणि कॉस्टिक सोड्यासारखे आम्लारी भेटून झालेले, मग असे का? सर म्हणत, "क्षार झाला म्हणून आईबापांचे गुण जात नाहीत. आम्ल आणि आम्लारी तोलामोलाचे असले तर क्षार मिठासारखा उदासीन. आम्ल जोरकस असलं तर तो नवसागरासारखा आम्लाकडे कलतो, आम्लारी जोरकस असलं तर सोड्यासारखा." इतके सोपे सांगणारे पुढे कॉलेजातही कुणी भेटले नाही.

मीही विज्ञानाचाच शिक्षक झालो. थोरले बंधू आप्पा शेती पाहत. आमच्या दोन एकर बागायतीत मातीवर क्षाराचे पांढरे फुटू लागले, तेव्हा मी ऐटीत सांगितले, "क्षार पाण्यात विरघळतो. भरपूर पाणी सोडा, धुऊन जाईल." आप्पांनी माझ्या शब्दावर हंगामभर पाणी दिले. मातीचा आधी चिखल झाला, मग ती खापरासारखी कडक झाली. उभा ऊस पिवळा पडला. आमची बागायत तेवढीच. आप्पा माझ्याशी बोलेनासे झाले.

सर तेव्हा निवृत्त होऊन पालीला राहत. मी जाऊन सगळे सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते एसटीने आमच्या बांधावर हजर. पेल्यात माती कालवून त्यांनी ती निवळू दिली आणि वरच्या पाण्यात हळदीचा कागद बुडवला. तो लाल झाला.

"आप्पा, हे मीठ न्हाई, सोडा हाय. जिप्सम घालावं लागंल."

"जिप्सम म्हंजी काय?"

"तोबी एक क्षारच."

आप्पांनी माझ्याकडे बघितले. "ह्या शिकल्याल्यानं पाणी सोडायला लावलं. आता तुमी क्षारात क्षार घाला म्हणताय. तिसरा कोण येणार हाय, त्येचीबी वाट बघतो."

सर हसले आणि तिथेच बांधावर बसले. "चूक ह्याची न्हाई, आप्पा. क्षार पाण्यात विरघळतो, येवढंच मी शिकवलं. सोड्यानं मातीची भोकं बुजतात, पाणी खाली उतरतच न्हाई, हे सांगायचं राहिलं. चूक माझी हाय."

मी खाली मान घालून उभा होतो. क्षमेवरची कीर्तने पुष्कळ ऐकली आहेत. क्षमा डोळ्यांनी पाहिली ती त्या बांधावर.

मग सरांनी सगळे समजावले. जिप्सम आणि सोडा एकमेकांचे जोडीदार बदलतात. त्यातून चुनखडी होते, ती मातीत निमूट राहते. दुसरा होतो तो साधा क्षार, पाण्याबरोबर वाहून जाणारा. म्हणून आधी चर खणायचा, मग जिप्सम, मग पाणी. आप्पांनी तसेच केले. सर महिन्यातून एकदा येत. चहाखेरीज त्यांनी कधी काही घेतले नाही.

तिसऱ्या वर्षी त्या वावरात गहू पोटरीला आला. आप्पांनी ओसरीवरून मला हाक मारली, "शिकल्याल्या, गहू बघायला सरांना कधी आणतूस?" इतक्या दिवसांनंतरचा त्यांचा तो पहिला शब्द.

यंदा सरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. मी हा लेख लिहितो आहे म्हटल्यावर आप्पा म्हणाले, "लिही, सरांनी दर साली वावर बघायला यायचं. पन काठी न घेता, चालत." देवाजवळ माझेही मागणे तेवढेच आहे. सरांच्या पायांत बळ राहो आणि दर सालचे हे येणे पुष्कळ वर्षे न चुको.