नळाच्या फवाऱ्यातून उभा राहिलेला धंदा

माझी धाकटी मावशी बावीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात मशिनवर बसली. मशिन बिघडलं की मेकॅनिकची वाट बघणं तिला जमायचं नाही. स्वतःच उघडून बसायची आणि साहेबांची बोलणी खायची. कारखाना बंद पडला तेव्हा ती शेहेचाळीस वर्षांची होती. सगळ्यांनी सुचवलं, घरी शिलाई सुरू कर.

"आयुष्यभर कॉलरी शिवल्या," ती म्हणाली. "आता सुईदोरा डोळ्यांसमोर नको."

तिने एक जुनं ड्रिल घेतलं, पान्हे-पकडी पिशवीत भरल्या आणि आसपासच्या दुकानांत कागद चिकटवले: 'घरातली किरकोळ दुरुस्ती. बाई येईल.'

तिचा दीर प्लंबर. तो पोट धरून हसला. "वहिनी, नळ म्हणजे काय शिलाई मशिन वाटलं?"

पहिलं बोलावणं आलं ते एकट्या राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेकडून. स्वयंपाकघरातला नळ गळत होता. पाणी बंद करायला मावशीने मेन कॉक फिरवला. तो इतका जुना, की नुसताच फिरला. नळ सोडवल्याबरोबर पाण्याचा फवारा थेट छताला. पिठाचा डबा, रेडिओ, मावशी, सगळं चिंब. भोकावर टॉवेल दाबून ती ओरडली, "बाई, गच्चीवरची टाकी बंद करा!" सत्तरीच्या शिक्षिका धापा टाकत दोन मजले चढल्या.

मग मावशीने निमूटपणे दिरालाच फोन केला. त्याने येऊन दहा मिनिटांत नळ बसवला. तोवर तिने फरशी पुसून कोरडी केली. जिना उतरताना ती म्हणाली, "भावजी, मला शिकवा."

"थट्टा करताय?"

"थट्टा तुम्ही केलीत. मी शिकायचं म्हणतेय."

सहा आठवडे ती त्याची पिशवी उचलून घरोघर हिंडली. प्रश्न विचारून विचारून तिने त्याचं डोकं खाल्लं. सातव्या आठवड्यात ती शिक्षिकेकडे गेली आणि मेन कॉक फुकटात बदलून आली. बाईंनी ओळखीच्या प्रत्येक घरी तिचा फोन नंबर पोचवला.

कामं आली, पण हातात काही उरेना. एक बिजागरी या टोकाला, एक कडी त्या टोकाला. अर्धा दिवस बसमध्येच जायचा. सहा महिन्यांत चपलांचे दोन जोड झिजले. शेवटी तिने ठरवलं: एका दिवशी एकच भाग, आणि कमीत कमी दोन तासांचं काम.

गिऱ्हाइकं वैतागली. "एका कडीसाठी दोन तासांचे पैसे?"

"एकच कडी कशी असेल? शोधा की. घर आहे, आणखी काहीतरी सापडेलच."

दोन आठवडे फोन जवळजवळ मुका होता. मावशीचे यजमान, आमचे काका, म्हणाले, "जरा नमतं घे. आहेत तीही जातील."

"महिनाभर बघू. उपाशी राहायची वेळ आली तर शिलाई आहेच." पण तिने नियम मोडला नाही.

तिसऱ्या आठवड्यात शिक्षिकेने अकरा कामांची यादी केली. अडकणारी खिडकी, डुगडुगती खुर्ची, न वाजणारी घंटा. मावशीने तीन तासांत सगळं उरकलं. ते बघून शेजारीण यादी करायला बसली, मग तिची नणंद. एकेका इमारतीतच दिवस भरू लागला. वर्षभरात मावशीची कमाई कारखान्यातल्या पगाराच्या दुप्पट झाली. पुढच्या वर्षी तिने कारखान्यातल्या दोन मैत्रिणींना शिकवून कामाला घेतलं.

गेल्या महिन्यात तिने जुनी व्हॅन घेतली. रंगारी ब्रश घेऊन काकांकडे वळला. "मालक, दारावर नाव काय घालू?"

काकांनी व्हॅनखाली बोट दाखवलं. तिथून मावशीचे फक्त पाय दिसत होते. "त्यांना विचार," ते म्हणाले. "पण जरा थांब, ब्रेक बघतायत."